खारीच्या पिल्लाचे उष्टावण

मुलांनो, घरी एखाद्या बाळाचे उष्टावण झालेले तुम्ही पाहिले असेल. सहा महिने केवळ दुधावर वाढलेल्या बाळाला त्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवतात आणि खिरीचे बोट त्याच्या ओठांना लावतात. बाळ तोंड वेडेवाकडे करते, निम्मी खीर हनुवटीवर ओघळते आणि सगळे घर हसते. पोट भरणे हा त्या घासाचा हेतू नसतोच. दुधावरून अन्नावर जाण्याची जी लांबची वाट आहे, तिच्यावरील ते पहिले पाऊल असते.

ही वाट केवळ माणसाच्याच बाळाला चालावी लागते असे नाही. जे जे प्राणी आईच्या दुधावर वाढतात, त्या सर्वांच्या आयुष्यात दूध सुटण्याचा काळ येतो. गोठ्यातले वासरू आईला लुचता लुचता एके दिवशी तिच्या पुढ्यातील कडब्याचे पान चघळू लागते. करडू उड्या मारता मारता बाभळीचा पाला खुडते. आई शेजारी असते, म्हणून हे सारे वेळच्या वेळी घडते. परंतु आईच नाहीशी झाली आणि तिचे काम माणसाच्या हाती आले, तर केव्हा, काय आणि किती द्यावे, हे माणसाला शिकावे लागते. मी ते एका खारीच्या पिल्लापाशी शिकलो. त्याचीच हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

खार तुमच्या नित्याच्या ओळखीची आहे. काही भागांत तिला चानी असेही म्हणतात. पाठीवर तीन फिकट पट्टे असलेली एक आणि पाच पट्टे असलेली दुसरी, अशा दोन जातींच्या लहान खारी आपल्याकडे घरांच्या आसपास आढळतात. पूर्ण वाढलेल्या खारीचे वजन 100 ग्रॅमच्या आसपास भरते. फळे, बिया, कोवळे कोंब, कळ्या, फुलांतील मध आणि प्रसंगी किडे, असा तिचा आहार असतो. कापूस, काथ्या, चिंध्या, वाळलेले गवत जमवून ती झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या आढ्याला घरटे करते. तिला एका वेळी बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. जन्मतः त्यांच्या अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. त्यांचे दूध पूर्णपणे सुटावयास सुमारे 10 आठवडे लागतात.

ही माहिती मला लहानपणी असती, तर एक जीव वाचला असता. सन 1971 मध्ये मी 11 वर्षांचा होतो. आमच्या कौलारू घराच्या वळचणीतून नुकतेच डोळे उघडलेले एक पिल्लू अंगणात पडले. मी ते उचलून टोपलीत ठेवले. गाईच्या दुधात साखर घालून कापसाच्या वातीने ते त्याच्या तोंडात पिळले. खार शेंगदाणे खाते, हे मला ठाऊक होते; म्हणून दुसऱ्या दिवशी भाजलेले दाणे कुटून त्याला चाटवले. बिस्किटाचा चुराही दिला. त्याला हगवण लागली. ते अशक्त झाले आहे असे वाटून मी आणखी भरवले. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत हात घातला, तो ते थंड झालेले. आजीने त्याला परसात जास्वंदीखाली पुरले. ती मला रागावली नाही. “त्याला अजून दात कुठे होते रे?” एवढेच ती म्हणाली. मी प्रेमानेच त्याला भरवले होते आणि त्या भरवण्यानेच ते गेले, हे समजण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

त्यानंतर 35 वर्षांनी, 2006 च्या नोव्हेंबरात, पुन्हा तसाच प्रसंग आला. मी तेव्हा एका गावच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग झाडताना नकाशांच्या कपाटावर खारीचे घरटे आढळले. त्यात एकच पिल्लू होते. अंगावर मखमलीसारखी लव आलेली, परंतु डोळे अजून मिटलेले. सातवीतल्या एका विद्यार्थ्याने ते ओंजळीत घेऊन माझ्याकडे आणले. “सर, आपण हे पाळू या,” तो म्हणाला.

मी त्याला घरटे होते तसे जागेवर ठेवावयास सांगितले. याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. घरट्याला धक्का लागला की खार दूर पळते. परंतु माणसे बाजूला झाली म्हणजे ती बहुधा परत येते आणि पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या सुरक्षित जागी नेते. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. आम्ही तो वर्ग मोकळा केला आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. आई आली नाही. शाळा सुटल्यावर कुंपणापाशी बोक्याने मारलेली एक खार शिपाईमामांना सापडली. तेव्हा मात्र पिल्लाचा भार आम्हांला उचलणे प्राप्त झाले.

खार हा वन्य प्राणी आहे. अशा प्राण्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे आणि केवळ हौसेखातर त्यांना घरी डांबून ठेवणे योग्य नाही. म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी वनरक्षकांना कळवले आणि तालुक्याच्या पशुवैद्यांना पिल्लू दाखवले. मोठे होईपर्यंत सांभाळावे आणि मग मोकळे सोडावे, असे त्यांच्या सल्ल्याने ठरले. तुमच्यावर असा प्रसंग आला, तर तुम्हीही प्रथम घरातील वडील माणसांना सांगावे आणि पशुवैद्यांना किंवा वनविभागाला विचारावे.

पशुवैद्यांनी सर्वांत आधी पिल्लाच्या पोटाला हात लावून पाहिला. “याला प्रथम ऊब द्या, दूध नंतर,” ते म्हणाले. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आणि तिच्या शेजारी त्याच्यासाठी मऊ सुती कापडाची गादी केली. गाईचे दूध त्यांनी वर्ज्य सांगितले. खारीच्या दुधात स्निग्ध अंश गाईच्या दुधाहून पुष्कळ अधिक असतो आणि दुधातील साखर कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाने पिल्लाचे पोट बिघडते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती त्यांनी मागवून दिली.

दूध किती द्यावयाचे, हे वजनावरून ठरते. गावातील सोनारांच्या काट्यावर पिल्लू 18 ग्रॅम भरले. एका वेळी वजनाच्या सुमारे 5 टक्के, म्हणजे एक मिलिलिटरहूनही थोडे कमी दूध त्याला पुरत असे. सुई काढलेल्या लहान सिरिंजने ते थेंबाथेंबाने द्यावे लागे. पिल्लाला उताणे न धरता पोटावर, मान किंचित वर करून धरावे लागे. नाही तर दूध नाकात व तेथून फुप्फुसात जाण्याची भीती असते. शाळेत तो विद्यार्थी आणि घरी माझी पत्नी यांनी हे काम वाटून घेतले. रात्री गजर लावून आम्ही आळीपाळीने उठत असू.

नोव्हेंबर संपता संपता पिल्लाचे डोळे उघडले. ते खोक्याच्या कडेला नखे रोवून बाहेर डोकावू लागले. विद्यार्थ्याला आनंद झाला आणि त्याच दिवशी त्याने मला विचारले, “सर, आता शेंगदाणे देऊ?” माझ्या डोळ्यांपुढे परसातली ती जास्वंद उभी राहिली. मी म्हणालो, “थोडा धीर धर. आधी त्याचे तोंड आणि पोट तयार होऊ दे.”

तोंड आणि पोट तयार होणे म्हणजे काय, ते आता पाहू. खारीला पुढचे चार दात असतात, दोन वर व दोन खाली. त्यांतील खालचे आधी उगवतात, वरचे मागाहून येतात आणि अन्न दळणाऱ्या दाढा त्याहूनही उशिरा येतात. केवळ पुढचे दात असलेले पिल्लू कुरतडू शकते, पण चावू शकत नाही. पोटाचेही तसेच आहे. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात दूध पचवणारे रस असतात. धान्यातील पिष्ट पचवणारे रस हळूहळू वाढतात. पाल्याचा व सालीचा चोथा पचवण्यास मदत करणारे सूक्ष्म जीवही आतड्यात सावकाश वस्तीला येतात. ही तयारी होण्यापूर्वी पोटात गेलेले अन्न तेथे कुजते, आणि मग हगवण लागते. एवढ्याशा देहातील पाणी निघून गेले, की एका दिवसातच प्राण धोक्यात येतात.

डिसेंबरच्या मध्यास पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे झाले. वरचे दात स्पष्ट दिसू लागले. सिरिंजचे टोक ते चावू लागले आणि गादीचे सूत कुरतडू लागले. पशुवैद्य म्हणाले, “आता ते स्वतःच मागते आहे.” तेव्हा उष्टावणाचा मुहूर्त ठरला. माझ्या पत्नीने नाचणीचे सत्त्व पातळ शिजवले, ते निववून पिल्लाच्या दुधात कालवले आणि बाटलीच्या उथळ बुचात घालून त्याच्यापुढे ठेवले. पिल्लाने आधी त्यात पाय बुडवला, मग नाक खुपसले व शिंकले. पाय चाटताना मात्र त्याला चव कळली आणि ते पुन्हा बुचाकडे वळले. पोटात गेले असेल ते चार थेंब. उरलेले सारे मिशांवर होते. विद्यार्थी हसत म्हणाला, “सर, याला मामा नाही, म्हणून मीच मामा.”

पुढे आम्ही एक नियम केला. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावयाचा, तोही तुरीच्या दाण्याएवढा, आणि दोन दिवस लेंड्या पाहावयाच्या. लेंडी घट्ट व दाणेदार असली तर पदार्थ मानवला. पातळ झाली तर तो थांबवावयाचा. या क्रमाने उकडलेले रताळे, सफरचंदाचा कीस, काकडी, पेरू आणि मोड आलेले मूग पिल्लाच्या जेवणात आले. दूध एकदम बंद केले नाही. सकाळी भूक तीव्र असते, म्हणून आधी बशीतले अन्न व नंतर दूध अशी चाल ठेवली. दुपारचे दूध पहिल्याने तोडले. आठवडाभराने सकाळचे कमी केले. रात्रीचे दूध सर्वांत शेवटपर्यंत ठेवले. कारण रात्र थंड व लांब असते आणि पिल्लू अन्न पुरेसे खाते की नाही याची खात्री नसते. दर दोन दिवसांनी सोनारांच्या काट्यावर वजन होई. वजन वाढत असेल तरच दूध कमी करावयाचे, असा दंडक होता.

तरीही एकदा चूक झालीच. नाताळच्या सुटीत मी दोन दिवस परगावी गेलो होतो. विद्यार्थ्याच्या घरी केळीचा घड आला होता. पिल्लाला केळे फार आवडले. ते मागत गेले आणि हा देत गेला. दुसऱ्या दिवशी पिल्लू खोक्याच्या कोपऱ्यात अंग फुलवून बसले, लेंड्या पाण्यासारख्या झाल्या. मी परतलो तेव्हा तो मुलगा माझ्या दारात उभा होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. “सर, ते मागत होते हो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मी त्याला एक शब्दही बोललो नाही. मला बोलण्याचा अधिकार नव्हता. आम्ही तसेच पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी सारे अन्न थांबवले, पाण्यात क्षार कालवून थोडे थोडे पाजण्यास सांगितले, पुन्हा ऊब देण्यास सांगितले आणि पोट थाऱ्यावर आल्यावर केवळ दुधावर परत जाण्यास बजावले. दोन रात्री काळजीत गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खोक्यातून कापड कुरतडल्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी क्वचितच ऐकला असेन. परत येताना पशुवैद्यांचे एक वाक्य मी मनात घोळवत होतो. ते म्हणाले होते, “मागे जावे लागले, तर त्यात कमीपणा मानू नका. पोट बिघडले की एक पायरी खाली उतरावे आणि पुन्हा चढावे.”

आता शेंगदाण्यांविषयी. खारीला शेंगदाणा इतका प्रिय, मग तो पिल्लाला का देऊ नये? याचे उत्तर हाडांत आहे. हाडे बळकट होण्यास कॅल्शियम व फॉस्फरस ही दोन्ही द्रव्ये योग्य प्रमाणात लागतात. शेंगदाण्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे चौपट असतो. पिल्लू दाण्यांनीच पोट भरू लागले, तर कॅल्शियम कमी पडते. शरीर मग ते हाडांतून काढून घेते. हाडे मऊ होतात, पाय वाकतात, उडी मारताच मोडतात. दाण्याची चव लागलेले पिल्लू दुसरे काही खावयास तयार होत नाही, हा आणखी एक धोका. म्हणून दाणे अगदी शेवटी, आणि तेही भाजलेले वा खारवलेले नव्हेत, तर सालासकट शेंगेतले, आठवड्यातून एखादे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून वैद्यांच्या दुकानातून समुद्रफेसाचा एक तुकडाही आणून ठेवला होता. पिल्लू तो आवडीने कुरतडी. कॅल्शियम अंगी लागण्यास ऊनही हवे, म्हणून रोज सकाळी त्याला जाळीच्या पिंजऱ्यातून कोवळ्या उन्हात नेत असू. पिंजऱ्याची एक बाजू मात्र सावलीत असे.

पुढच्या दातांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खार, उंदीर, घूस या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांचा पुढचा पृष्ठभाग कठीण व मागचा त्यामानाने मऊ असतो. कुरतडताना मागचा भाग अधिक झिजतो आणि दाताला पटाशीसारखी धार येते. मऊ अन्नच मिळत राहिले, तर दात झिजत नाहीत. ते वाढून वाकडे होतात आणि प्राण्याला तोंड मिटणेही कठीण होते. म्हणून आम्ही पेरूच्या व बाभळीच्या ताज्या डहाळ्या पिंजऱ्यात लावल्या. विद्यार्थ्याचे वडील सुतार होते. डहाळीवर पडलेल्या बारीक खुणा पाहून ते कौतुकाने म्हणाले, “याची पटाशी माझ्यापेक्षा चांगली चालते.”

जानेवारीत शेतांत हुरडा आला. आम्ही ज्वारीचे कोवळे कणीस देठासकट पिंजऱ्यात टांगले. आजवर पिल्लाला अन्न बशीत मिळत आले होते. आता ते चढून मिळवावे लागणार होते. पहिल्या दिवशी ते कणसाखाली बसून बशीची वाट पाहत राहिले. बशी आली नाही. दुपारी त्याने देठाला पाय लावला, उलटे लटकले आणि पहिला दाणा खुडला. मग पुढच्या दोन पंजांत दाणा धरून, मागच्या पायांवर बसून, मोठ्या खारीच्या ऐटीत ते खाऊ लागले. त्यानंतर पिंजऱ्यात बोरे आली, आणि उंबराची फळे आली. संक्रांतीच्या सुमारास त्याने रात्रीचे दूध आपण होऊनच नाकारले. सिरिंज पुढे केली, तर त्याने ती पंजाने दूर लोटली. दूध सुटले होते.

विद्यार्थ्याचा चेहरा मात्र उतरला. “सर, आता त्याला माझी गरजच उरली नाही,” तो म्हणाला. आतापर्यंत पिल्लू त्याच्या खिशात झोपत असे. पशुवैद्यांनी बजावले होते, की दूध सुटले म्हणजे हाताळणेही कमी करावे. माणसाला न भिणारी खार मांजरालाही भीत नाही आणि फार दिवस जगत नाही. त्याने ते जड मनाने पाळले. त्याच्या वडिलांनी लाकडाची एक पेटी केली, तिला मुठीएवढे भोक ठेवले आणि शाळेच्या आवारातील जुन्या आंब्यावर उंच बांधली. प्रथम पिंजराच आठवडाभर त्या झाडापाशी ठेवला. जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी, वनरक्षकांच्या समक्ष, त्याचे दार उघडले. पिल्लाचे वजन आता 65 ग्रॅम होते. ते दारात थांबले, शेपटी झुलवली आणि खोडावरून सरळ वर गेले.

पहिले काही दिवस ते पेटीत झोपावयास येई आणि खाली ठेवलेले अन्न खाई. पुढे अन्न तसेच राहू लागले. फेब्रुवारीत पेटी रिकामी झाली. तो मुलगा मधल्या सुटीत रोज आंब्याखाली उभा राही. एके दिवशी तो धावत माझ्याकडे आला. वरच्या फांदीवर दोन खारी पाठशिवणीचा खेळ खेळत होत्या. त्यांतील आपली कोणती, हे ना त्याला सांगता आले, ना मला. तो बराच वेळ वर पाहत राहिला आणि मग हसत वर्गात गेला.

मुलांनो, लहान जिवाला जगवावयाचे, तर माया हवीच. परंतु मायेला ज्ञानाची आणि संयमाची जोड हवी. माझ्या मायेला 1971 मध्ये ती जोड नव्हती. तुमच्याही आईवडिलांनी तुम्हांला प्रथम दूध पाजले, मग मऊ भात भरवला, पुढे आपल्या हाताने जेवावयास शिकवले. प्रत्येक पायरीवर त्यांनी आपला हात थोडा थोडा मागे घेतला. तो मागे घेताना त्यांना काय वाटले असेल, हे त्या सातवीतल्या मुलाला जानेवारीच्या त्या सकाळी समजले असले पाहिजे.